घमेले उचलण्यापूर्वी: गडावरील लोकसहभागाच्या पुरातत्त्वकामात प्रथमच उतरणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा एका डोंगरी किल्ल्यावर श्रमदानाला गेलो, तेव्हा आम्हा वीस जणांकडे फावडी, घमेली आणि अमाप उत्साह होता. दोन दिवसांत आम्ही वाड्याचे एक जोते इतके लख्ख मोकळे केले की त्यावर बसून काढलेले छायाचित्र पुढे कित्येक महिने सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होते. महिनाभराने पुरातत्त्वाच्या एक अभ्यासक त्या गडावर आल्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला: "यावरची कौले कोणत्या बाजूला जास्त पडली होती?" आम्हा कुणालाच उत्तर देता आले नाही, कारण कौलांची ती सगळी खापरे आम्ही 'कचरा' म्हणून दरीत टाकली होती. छप्पर कोणत्या बाजूला कोसळले, ते जळून कोसळले की कुजून, वाड्याला पडवी होती की नव्हती, हे सांगू शकणाऱ्या एकमेव साक्षीदाराचा आम्ही कडेलोट केला होता.

हा लेख त्या चुकीतून आला आहे. गडसंवर्धनाच्या मोहिमांत आज शेकडो तरुण जातात आणि त्यांतील बहुतेकांना काम करायचे असते, पण कामाची पद्धत कुणी सांगितलेली नसते. परवानगीपासून अहवालापर्यंतची वाट मी इथे क्रमाने मांडली आहे.

१. आधी कामाचे स्वरूप समजून घ्या

पुरातत्त्व म्हटले की डोळ्यांसमोर कुदळ येते. ती आधी डोळ्यांसमोरून दूर करा. संरक्षित स्मारकात उत्खनन करण्याचा अधिकार पुरातत्त्व खात्याला, किंवा खात्याचा रीतसर परवाना असलेल्या संस्थेला आणि तिच्या तज्ज्ञांनाच आहे. स्वयंसेवकांचा गट कितीही अनुभवी असला तरी त्याला तो अधिकार मिळत नाही. आपल्या वाट्याला येणारे काम म्हणजे अवशेषांचे सर्वेक्षण, मोजमाप, छायाचित्रण, गावकऱ्यांकडील माहितीचे संकलन, आणि परवानगी असेल तेवढ्याच मर्यादेत झाडोरा काढणे, वाटा दुरुस्त करणे किंवा टाक्यांतील गाळ उपसणे. जिथे खात्याचे किंवा विद्यापीठाचे उत्खनन चालू आहे तिथे चाळणी करणे, खापरे धुणे, त्यांवर क्रमांक घालणे अशी कामेही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करायला मिळू शकतात.

ही कामे दुय्यम वाटली तर रायगडाचे उदाहरण पाहा. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी केलेल्या तोफांच्या माऱ्यात गडावरील वाड्यांना आग लागली आणि इमारतींचे लाकूडकाम जळून गेले. आज आपल्याला तिथे दिसतात ती मुख्यतः दगडी जोती. त्या जोत्यांवर एकेकाळी काय उभे होते हे समजण्यासाठी लोखंडी खिळे, कौलांचे तुकडे, कोळसा आणि राख यांचाच आधार उरतो. नेमक्या याच वस्तू फावड्याच्या पहिल्या फटक्यात नाहीशा होतात.

२. गड कोणाच्या अखत्यारीत आहे ते शोधा

महाराष्ट्रातील सगळे किल्ले एकाच खात्याकडे आहेत असा समज सर्रास आढळतो आणि त्यापायी महिने वाया जातात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेशां'तील बारा किल्ल्यांवरूनच हे लक्षात येईल. त्यांपैकी शिवनेरी, लोहगड, रायगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतील जिंजी हे आठ किल्ले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, म्हणजे केंद्राकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या संरक्षणाखाली येतात.

यांखेरीज असंख्य किल्ले कुणाच्याच संरक्षित यादीत नाहीत. त्यांची जमीन वन विभागाची, महसूल विभागाची किंवा क्वचित खासगी मालकीची असते. अशा वेळी तलाठी कार्यालयातून सातबारा काढावा आणि मालकी पाहूनच अर्ज करावा. 'असंरक्षित' याचा अर्थ 'मोकळे रान' असा मात्र होत नाही. गड अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वन विभागाची परवानगी वेगळी लागते. कोयना अभयारण्यातील वासोटा किंवा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातील किल्ले ही याची ठळक उदाहरणे आहेत.

केंद्र संरक्षित स्मारकांबाबत आणखी एक तरतूद लक्षात ठेवावी. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित असते. गडाच्या पायथ्याशी 'स्वयंसेवकांसाठी छोटीशी पत्र्याची खोली' बांधण्याचा विचार बऱ्याच गटांच्या मनात येतो, तो याच नियमावर अडतो.

३. परवानगी आणि कागदपत्रे

केंद्राच्या स्मारकासाठी संबंधित मंडळाच्या अधीक्षक पुरातत्त्वविदांकडे अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रात अशी मंडळे मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे आहेत. राज्याच्या स्मारकासाठी विभागीय सहायक संचालकांकडे जावे. आमच्याकडून वेळोवेळी मागितलेली कागदपत्रे अशी होती:

- संस्थेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र आणि संस्थेच्या नावाने, अध्यक्षांच्या सहीचा अर्ज
- कामाचा आराखडा: कोणती वास्तू, कोणते काम, किती दिवस, किती माणसे, कोणती हत्यारे
- त्या वास्तूची सद्यःस्थिती दाखवणारी छायाचित्रे, मागे ठिकाण आणि दिनांक लिहून
- स्वयंसेवकांची यादी, ओळखपत्रांच्या प्रतींसह. अठरा वर्षांखालील मुले असतील तर पालकांचे संमतिपत्र
- ग्रामपंचायतीचे पत्र आणि स्थानिक पोलीस ठाण्याला दिलेल्या सूचनेची पोच
- वनहद्द असल्यास वन विभागाच्या परवानगीची प्रत

तुमची संस्था नोंदणीकृत नसेल तर नवी काढण्याच्या भानगडीत लगेच पडू नका. त्या गडावर आधीपासून रीतसर काम करणाऱ्या संस्थेत सामील व्हा, वर्ष-दोन वर्षे तिच्याबरोबर राबा आणि मग ठरवा. संस्था निवडताना एकच कसोटी लावा: मागील मोहिमेचे परवानगीपत्र आणि अहवाल दाखवायला सांगा. दोन्ही निमूटपणे समोर ठेवणारी संस्था चांगली. "आपल्याच राजांच्या गडावर परवानगी कसली?" असे उत्तर आले तर तिथून निघा. हे वाक्य ऐकायला मर्दानी वाटते, पण कायद्यापुढे टिकत नाही. केंद्र संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होऊ शकते, आणि हेतू चांगला होता हा बचाव फार कामी येत नाही.

अर्ज हाती दिला की आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत घ्या. आमचा एक अर्ज या शिक्क्याअभावी चार महिने 'सापडत नव्हता'.

४. ऋतू आणि साहित्य

पावसाळ्यात गडावर सर्वेक्षण होत नाही. तेव्हा गवत आणि कारवी कमरेपर्यंत वाढलेली असते आणि दगड निसरडे असतात. ऑक्टोबर ते जानेवारी हवा उत्तम असली तरी गवत पुरते वाळलेले नसते. जमिनीलगतची जोती आणि बुजलेल्या वाटा सर्वांत स्पष्ट दिसतात त्या फेब्रुवारीनंतर, गवत बसल्यावर. मात्र तेव्हा पाण्याचा आणि वणव्याचा प्रश्न उभा राहतो. 'गवत पेटवून दिले की सगळे मोकळे होते' असा सल्ला देणारा कुणीतरी प्रत्येक मोहिमेत भेटतोच. त्याचे ऐकू नका. आगीने दगड तडकतो, राखेचा नवा थर जुन्या राखेत मिसळतो आणि रानाचे व्हायचे ते नुकसान होतेच.

सोबत ३० मीटरची आणि ५ मीटरची अशा दोन टेपा, होकायंत्र, आलेख कागद, पेन्सिली, जाड पुठ्ठ्याची वही, सुतळी, खुंट्या, लहान पाटी व खडू आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची प्रमाणपट्टी घ्यावी. प्रमाणपट्टी विकत मिळाली नाही तर सरळ लाकडी पट्टीवर दर १० सेंटिमीटरला रंग देऊन घरीच करता येते. मोबाइलमधील जीपीएस ठिकाणाच्या ढोबळ नोंदीला पुरतो, पण दोन खोल्यांमधील अंतर त्यावरून काढू नये. ड्रोन वापरायचा असेल तर त्याची वेगळी परवानगी लागते. मेटल डिटेक्टर घरीच ठेवा; तो हाती दिसला की गावकरीही तुमच्याकडे गुप्तधन शोधणारे म्हणूनच पाहतात, आणि त्यांचे काही चुकत नाही.

दगड उचलण्यापूर्वी तो काठीने हलवून पाहावा, कारण फुरसे दगडाखालीच बसते. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर धूर, अत्तर आणि आरडाओरडा हे तिन्ही टाळावे.

५. सुरुवात गडाखालून करा

पहिला दिवस गडावर नव्हे, पायथ्याच्या वाडीत घालवा. गुरे चारणारी, सरपण आणि मध गोळा करणारी, देवीच्या जत्रेला दरवर्षी वर जाणारी माणसे ज्या जागा ओळखतात त्या कोणत्याही नकाशावर नसतात. पूर्वी गडाच्या घेऱ्यात पहारेकऱ्यांची मेटे, म्हणजे चौक्या, असत. त्यांची नावे आजही शेतांना, माळांना आणि कधी कधी आडनावांना चिकटलेली आढळतात. म्हाताऱ्या माणसाला "इथला इतिहास सांगा" असे विचारले की तो शाळेत ऐकलेले सांगतो. "लहानपणी गुरे कुठल्या वाटेने वर न्यायचात?", "उन्हाळ्यात पाणी कुठल्या टाक्यात टिकायचे?" असे विचारले की बुजलेला दरवाजा आणि विसरलेले टाके समोर येते.

सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे, त्याच्या बोलीत उतरवा आणि नाव नोंदवण्याआधी त्याची संमती घ्या. दुसरे पथ्य म्हणजे ऐकीव नाव आणि पुरावा वेगळे ठेवा. अमक्याची सदर, तमक्याचा वाडा ही नावे पुष्कळदा अलीकडच्या वाटाड्यांनी दिलेली असतात. नोंदीत 'स्थानिक नाव' असा स्वतंत्र रकाना ठेवला की भांडणच मिटते.

ज्यांना मोडी वाचता येते त्यांनी पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दफ्तराकडे वळावे. गडांच्या दुरुस्तीचे, धान्याच्या साठ्याचे आणि शिबंदीचे (गडावरील सैनिकांचे) कागद तिथे आहेत. मोडी येत नसेल तर शिका. सहा महिने नेटाने बसले की पेशवाईतील वळणदार अक्षर उलगडू लागते, आणि गडावरच्या एखाद्या अंबारखान्यात किती धान्य होते हे कागदावर वाचून मग त्याच्या भिंती मोजण्यातली गंमत काही वेगळीच असते.

६. नोंद कशी घ्यावी

गडाचे नैसर्गिक भाग पाडून घ्या. राजगडासारखा गड असेल तर पद्मावती माची, सुवेळा माची, संजीवनी माची आणि बालेकिल्ला असे भाग आपोआपच पडतात. प्रत्येक भागातील प्रत्येक अवशेषाला एक क्रमांक द्या आणि तो क्रमांक पुन्हा कधीही बदलू नका. एखादा अवशेष पुढे अवशेषच नव्हता असे ठरले तरी क्रमांक रद्द म्हणून नोंदवा, दुसऱ्याला देऊ नका. आमच्या पहिल्या वर्षाच्या वहीत 'टाके ७' दोन आहेत आणि कोणते मोजमाप कोणाचे हे आजही कळत नाही.

प्रत्येक क्रमांकाखाली पुढील गोष्टी लिहाव्यात: ठिकाण, लांबी-रुंदी-उंची, तोंड कोणत्या दिशेला आहे, दगड घडीव आहे की ओबडधोबड, सांध्यात चुना आहे की कोरडा रचला आहे, सध्याची पडझड, आजूबाजूचे अवशेष. 'भव्य', 'प्रेक्षणीय', 'शिवकालीन' हे शब्द वहीत नकोत. शेवटचा शब्द सर्वांत घातक आहे, कारण बहुतेक गड शिवकाळापूर्वीही वापरात होते आणि नंतरही, थेट १८१८ पर्यंत. एकाच तटात तीन काळांचे बांधकाम असू शकते. तटाच्या दगडांचा आकार किंवा चुन्याचा रंग मध्येच बदलतो ती रेघ शोधा आणि ती कुठे आहे तेवढेच नोंदवा. काळ ठरवणे अभ्यासकांवर सोडा.

छायाचित्रे दोन-दोन काढावीत: एक प्रमाणपट्टी आणि क्रमांकाची पाटी ठेवून, दुसरे त्यांच्याशिवाय. माणसे चौकटीबाहेर. सकाळच्या तिरप्या उन्हात जमिनीवरचे बारीक उंचवटे आणि झिजलेली अक्षरे दुपारपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतात. शिलालेख दिसला तर त्यावर खडू, पीठ, तेल किंवा शेंदूर चोळू नका. रात्री बाजूने विजेरीचा प्रकाश टाकून पाहा.

नवख्यांची ओळखण्यात होणारी चूक म्हणजे चुन्याच्या घाण्याला तेलाचा घाणा समजणे. जमिनीतील दगडी वर्तुळाकार चर आणि जवळ पडलेले मोठे दगडी चाक दिसले तर तिथे बहुधा बांधकामासाठी चुना मळला जात होता. घाणा ज्या बांधकामाच्या जवळ आहे त्याच्याशी त्याचा संबंध असू शकतो, म्हणून दोघांतील अंतर अवश्य मोजा. तशीच दुसरी गफलत तटातील जंग्यांबाबत, म्हणजे बंदुकीच्या माऱ्यासाठी ठेवलेल्या छिद्रांबाबत, होते. जंगीचे तोंड कुठे रोखलेले आहे हे आतून डोळा लावून पाहावे. खालची वाट, दरवाजा किंवा शेजारचा बुरूज यांपैकी काय टप्प्यात येते ते लिहिले, तर बांधणाऱ्याला हल्ला कोणीकडून अपेक्षित होता हे पुढच्या अभ्यासकाला त्यावरून ताडता येते.

७. काही सापडले तर

हात लावू नका. नाणे असो, तोफगोळा असो वा निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या भांड्याचा तुकडा असो, वस्तू आहे तिथेच ठेवून तिचे छायाचित्र घ्या, जवळच्या दोन कायमच्या खुणांपासून अंतर मोजा आणि त्याच दिवशी खात्याला कळवा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी माहिती देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. दहा रुपयांची ही मर्यादा जुन्या काळातली असली तरी कायदा आजही लागू आहे.

वस्तू घरी नेली की तिची किंमत उरते, अर्थ जातो. शिवराईचेच पाहा. हे तांब्याचे नाणे शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झाले खरे, पण ते पुढे एकोणिसाव्या शतकातही व्यवहारात होते. त्यामुळे 'शिवराई सापडली, म्हणून वाडा शिवकालीन' हे अनुमान टिकत नाही. ती कोणत्या थरात, कशाबरोबर, फरसबंदीच्या वर की खाली सापडली, यावरच सगळे अवलंबून असते. आणि सापडलेल्या वस्तूचे ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी तिथे खड्डा दिसतो.

८. परवानगी मिळालेले काम करताना

टाक्यातील गाळ हा चिखल नसून शतकानुशतके साचलेला दस्तऐवज आहे. तो काढायचा असेल तर खात्याचा प्रतिनिधी हजर असावा, गाळ थराथराने निघावा, चाळला जावा आणि चाळलेला ढीग कुठे टाकला हेही नकाशावर दाखवावे.

तटात रुजलेले उंबर-पिंपळ उपटू नयेत. मूळ ओढले की दगडांची रांगच बाहेर येते. खोड कापणे आणि मूळ मारणे हे खात्याच्या सूचनेप्रमाणेच व्हावे. याउलट दर पावसाळ्यात गडमाथ्यावर होणारे वृक्षारोपण कुणालाच गैर वाटत नाही, पण रोपासाठी जोत्याच्या मधोमध खणलेला दीड-दोन फुटांचा खड्डा हेदेखील बेकायदा उत्खननच आहे आणि काही वर्षांनी त्याच झाडाची मुळे चौथरा फोडतात. झाडे पायथ्याशी, गावकऱ्यांना विचारून लावावीत.

ढासळलेले दगड सिमेंटने बसवू नका. चुन्याच्या भिंतीतील ओल सांध्यांतून बाहेर पडते. सिमेंट ती अडवते, मग क्षार दगडातच साठतात आणि त्याचे पोपडे निघू लागतात. तोफा गाड्यांवर चढवण्यापूर्वी तोफ कुठे, कोणत्या दिशेला तोंड करून, किती पुरलेली पडली होती याची नोंद आणि खात्याची लेखी संमती हवी. वीरगळ आणि मूर्तींना ऑइलपेंट फासणे ही तर सेवा नव्हेच.

९. अहवाल

मोहीम संपल्यापासून पंधरा दिवसांच्या आत अहवाल लिहावा. त्यानंतर वहीतले संक्षेप स्वतःलाच लागत नाहीत. केलेले काम, न झालेले काम, झालेल्या चुका, क्रमांकवार नोंदी, मोजमापांचे आराखडे आणि छायाचित्रे एवढे त्यात असावे. चुका लपवू नका. आमच्या त्या जोत्याच्या अहवालात 'कौलांचे तुकडे नोंद न करता उत्तरेकडील दरीत टाकले गेले' असे वाक्य आम्ही नंतर वेगळी पुरवणी जोडून घातले, आणि पुढच्या सर्वेक्षणात त्या दरीच्या उताराची पाहणी झाली ती त्या वाक्यामुळेच.

अहवालाच्या तीन प्रती काढाव्यात: एक खात्याला, एक संस्थेच्या दप्तरी आणि एक पायथ्याच्या ग्रामपंचायतीला किंवा शाळेला. खात्याच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यायला विसरू नका.